कांद्याच्या दिवसांतला शेवटचा पेपर

मी जेटीवर तिकीट खिडकीत बसतो. लग्न, नोकरी, दोन मुली हे सगळं होऊन गेल्यावर मुक्त विद्यापीठातून बी.ए.ला नाव घातलं. आता एकच पेपर उरलाय, अर्थशास्त्राचा. मागच्या वेळी त्यातच नापास झालो होतो.

या अभ्यासाचं ओझं मी एकट्याने वाहिलं असं म्हणायची माझी हिंमत नाही. रविवारी मी अलिबागला तासांना जायचो, तेव्हा शेतात बायको एकटी असायची. सुट्टीच्या दुपारी मी पुस्तक घेऊन पडवीत बसलो की ती मुलींना गप्प करायची. त्यातल्या कितीतरी दुपारी मी पुस्तक उघडं ठेवून झोपलोय. तिला ते ठाऊक असणार. कधी बोलली नाही.

यंदा परीक्षा नेमकी कांद्याच्या दिवसांत आली. आमच्याकडचा पांढरा कांदा पातीसकट उपटून वाळवतात आणि पातींची वेणी घालून माळा करतात. हे काम बायकांच्या हातचं आणि वेळखाऊ. एका संध्याकाळी मी तिला म्हणालो की या वेळी अर्ज भरत नाही, पुढच्या परीक्षेला बसतो, तुझ्या हाताखाली येतो. मोठा त्याग केल्यासारखं बोललो. ती जरा हळवी होईल असं मला वाटलं होतं.

तिने हातातली माळ पुरी केली, गाठ मारली आणि म्हणाली, "माझ्या नावावर ढकलू नका. कांदा दरवर्षी येतो. तुम्ही भ्यालाय, तसं सांगा."

मला राग आला, कारण ते खरं होतं. अर्ज भरला.

मग तिनेच सांगितलं की हात रिकामे ठेवून वाचलं की तुम्हाला झोप येते, तेव्हा इथं बसा, वेणी घाला आणि काय वाचलंत ते बोला. शेजारची काकी मदतीला यायची. ती रोज विचारायची, "काय रे मास्तर, आज कंचा धडा?" माझ्या वेण्या ढिल्या व्हायच्या, काकी त्या सोडून पुन्हा घालायची. पण बोलणं जमायला लागलं. मागणीची लवचिकता समजावताना मी सांगितलं की मीठ महागलं तरी घरात लागतं तेवढं आणावंच लागतं, हापूस महागला की लोक नुसता भाव विचारून पुढं जातात.

काकी थांबली. "एवढं सोपं हाय तर नापास कसा झालास?"

"तेव्हा पाठ केलं होतं, काकी. कुणाला सांगितलं नव्हतं."

बायको खाली बघून हसली. त्यानंतर धडे भराभर सरले. काकीने अडवलं तरी अडखळलो नाही. एकदा तर तिला भाववाढीचं कारण पटवून देताना चहा गार झाला.

पेपर परवा आहे. त्या दिवशी बायको माळा विकायला रस्त्याकडेला एकटीच बसेल, उन्हात. त्याचं मला वाईट वाटतंय आणि वाटत राहील. पण त्या वाईट वाटण्याच्या आड आता मी लपणार नाही. आज सकाळी तिने विचारलं, निकाल कधी लागतो. तारीख मला माहीत नव्हती.

"लागेल तेव्हा लागेल," मी म्हणालो. "पास होणार हाय मी."

ती म्हणाली, "मग परवाचा डबा सकाळच्या गाडीच्या आधी करते."