प्लॉट नंबर अकरामधले पाच पांडव

"रशीदभाई, आत्ताच्या आत्ता या. माझ्या मागच्या अंगणात माणसं घुसलीत. कडब्याची झोपडी बांधतायत. विचारलं तर म्हणतात, परवाच्यासाठी!"

फोन सुलभा मॅडमचा होता. मी तुळजापूरला कचेरीच्या आवारात एका फेरफाराच्या नकलेसाठी ताटकळत उभा होतो. 'परवाच्यासाठी' हा शब्द कानावर पडला आणि मी नकलेचा नाद सोडला. परवा येळवस होती. चूक कुणाची ते मला तिथंच कळलं. माझीच.

मी जमीन-जागेचा एजंट. आधी एका बाँड रायटरकडे दस्त लिहायला होतो, नंतर स्वतःचा धंदा सुरू केला. बोर्डावर 'रिअल इस्टेट कन्सल्टंट' असं रंगवून घेतलंय, पण लोक एजंटच म्हणतात, आणि चिडले की दलाल. सोलापूर-तुळजापूर रस्ता मोठा झाल्यापासून तामलवाडीच्या आसपास प्लॉटिंग जोरात आहे. प्लॉटिंग म्हणजे शेतजमीन बिनशेती, आमच्या भाषेत 'एनए' करायची, आत रस्ते आखायचे आणि तुकडे पाडून विकायची. काल ज्वारी होती तिथं आज सिमेंटचे खांब आणि वर नंबर.

अशाच एका लेआउटमधला अकरा नंबर मी सुलभा मॅडमना दिला होता. मॅडम पुण्याच्या एका दवाखान्यातून हेड सिस्टर म्हणून रिटायर झालेल्या. लग्न केलेलं नाही. आई भवानी कुलदैवत, त्यामुळे तुळजापूर जवळ हवं, आणि मोठा दवाखाना लागला तर सोलापूर हाकेच्या अंतरावर. मी त्यांना सातबारा दाखवला, सर्च रिपोर्ट दाखवला, म्हणजे या जमिनीवर बोजा, भांडण काही नाही ना याचा वकिलाचा दाखला. चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंना काय काय आहे, तेही पायी फिरून दाखवलं. कागद लखलखीत होते. मॅडमनी टुमदार घर बांधलं, मागच्या कोपऱ्यातला कडुलिंब सावलीसाठी तसाच ठेवला आणि राहायला आल्या.

पाच महिन्यांत त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "विकून टाका."

"का हो मॅडम? पाण्याचं काही?"

"पाणी आहे, लाइट आहे. रशीदभाई, तुम्ही मला घर दिलंत, शेजार दिला नाहीत. पाच महिन्यांत या उंबऱ्यातून मीटर रीडिंगवाल्याखेरीज कुणी आत आलेलं नाही. चाळीस वर्षं मी वॉर्डात काढली. रात्रंदिवस 'सिस्टर, सिस्टर' ऐकायची सवय. इथं मी मेले तर मीटरवाला येईल तेव्हा कळेल."

त्या हसत बोलल्या, पण मला ते लागलं. गिऱ्हाइकाचा फोन आला की माझा जीव कमिशनपाशी असतो, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी नव्हता. तरी काम ते काम. सोलापूरचे एक कापड दुकानदार मी तयार केले. त्यांना घर दाखवायचं ठरलं नेमकं परवा दुपारी. दिवस मॅडमनीच दिला होता. त्यांना येळवस ठाऊक नव्हती आणि मी कॅलेंडर बघितलं नव्हतं.

आता बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. धाराशिव-लातूरकडे या दिवशी गावं ओस पडतात, बाजार बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, कारण सगळी माणसं रानात. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप करायची, कोप म्हणजे खोपटी. तिच्यात पाच दगड मांडून चुना लावायचा. ते पाच पांडव, आणि त्यांच्याबरोबर लक्ष्मी. मग आंबील आणि भज्जीचा नैवेद्य. आंबील म्हणजे ताकात ज्वारीचं पीठ कालवून आंबवलेलं पेय. भज्जी म्हणजे ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची एकत्र शिजवलेली भाजी, तिला सर नाही. या दिवशी ज्याला रान नाही त्याला दुसऱ्याच्या रानात हक्काचं जेवण. आमच्या घरचा शीरखुर्मा ईदला गावभर जातो, तसा येळवसला मी लहानपणापासून कुणाच्या ना कुणाच्या कोपीपुढं जेवत आलोय.

गेल्या येळवसला मी जेवलो होतो तो नेमका अकरा नंबरच्या लिंबाखाली. घराचा पाया भरून झाला होता, मॅडम पुण्यात होत्या, आणि जमिनीची जुनी मालकीण आणि आता कुंपणापलीकडं राहणारी कौसाबाई हिनं गवंड्यांसकट सगळ्यांना वाढलं होतं. तिचे पांडव त्या लिंबाखाली होते. भज्जी दोनदा मागून घेतली, पण मॅडमना सांगायचं काही मला सुचलं नाही. ती गोष्ट सांगायची असते हेच डोक्यात आलं नाही. हवा असते, तशी येळवस असते.

मोटारसायकल दामटत पोचलो तर मागचं दृश्य असं. तारेचं कुंपण खाली दाबून कडब्याच्या पेंढ्या आत आलेल्या. कौसाबाईचा पोरगा दत्ता आणि त्याचे दोन चुलतभाऊ हातातलं काम टाकून अपराध्यासारखे उभे. लिंबाखाली सत्तरी ओलांडलेली कौसाबाई चुन्याची वाटी घेऊन फतकल मारून बसलेली. आणि मॅडम दारात, हातात फोन, चेहरा लालबुंद.

"रशीदभाई, विक्री झाली आहे ना ही? खरेदीखत माझ्या नावावर आहे ना?"

"आहे मॅडम. शंभर टक्के."

"मग हे काय आहे?"

मी कौसाबाईकडं वळलो. "मावशी, विचारायचं तरी."

"आता घ्या! रशीदा, तू गेल्या साली इथंच जेवलास की रं. तुला ठावं हाय म्हंजी म्याडमला ठावं आसंल, आसं वाटलं मला. तू न्हाय व्हय सांगितलंस?"

मी मान खाली घातली. मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. 

मग मी सगळं सांगितलं, माझी चूक धरून. मॅडम निवळल्या नाहीत. "पुण्यात आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यात कुणीतरी असाच एक दगड रंगवला. दोन वर्षांत त्यावर पत्रे आले, चार वर्षांत फरशी. आज आम्ही गाडी लांबून वळवतो. उद्या या बाई म्हणाल्या, ही जागा आमची, तर?"

भीती खोटी नव्हती. कायद्यात वहिवाट म्हणून एक प्रकार आहे. एखादी गोष्ट एखाद्या जागेवर वर्षानुवर्षं चालत आली की तिचा हक्क सांगता येतो, मग कोर्टात तारखा पडतात. आणि परवा येणाऱ्या गिऱ्हाइकाला अंगणात दुसऱ्याचा देव दिसला तर तो उभ्या उभ्या परत जाणार, हेही मला दिसत होतं. मी मधला मार्ग काढला.

"मावशी, लेआउटची ओपन स्पेस आहे ना पलीकडं, बागेसाठी सोडलेली. पांडव तिकडं मांडू या. बिल्डरशी मी बोलतो."

कौसाबाईनं वर बघितलं. "देवाची बदली करतुयास व्हय रं? आर्डर आणलीस का हातात?"

दत्ताला हसू आलं. मला नाही. म्हातारी पुढं मॅडमकडं बघून हळू आवाजात बोलली. "म्याडम, रान इकलं. पोरीचं लगीन, बोअर, ते सगळं झालं. पलीकडं दीड एकर राह्यलंय, तिथं कोप करता येती, पर माझ्या सासूनं ह्यास्नी हितं बसवलं आन् ती म्हणाली, हालवू नगंस. म्या तिला व्हय म्हणलंय. जागा तुमचीच. मला यक दिस बसू द्या. हाकललं तर जाती, पर दगड तेवढं राहू द्या."

मॅडम पायरी उतरून खाली आल्या. तेवढ्यात त्यांचं लक्ष भिंतीकडं गेलं. दोन कुंड्या तिथं नीट सावलीत ठेवलेल्या होत्या, माती ओली. झालं होतं असं, की मॅडमनी लिंबाखालचे दगड सपाट बघून त्यांच्यावर कुंड्या मांडल्या होत्या. कौसाबाईनं त्या उतरवून भिंतीपाशी ठेवल्या होत्या.

"कुंड्यांना पाणी कुणी घातलं?"

"म्या. सुकाय लागल्या व्हत्या."

"माझ्या कुंड्या देवावर होत्या, तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. पर झाडानं काय केलंय?"

मॅडमनी एका कुंडीतली माती बोटानं दाबून बघितली. मग त्यांच्यातली हेड सिस्टर जागी झाली. "लिहून द्या. सहीशिवाय मी आयुष्यात ऑपरेशनला पेशंट आत घेतला नाही. वर्षातून एक दिवस पूजा, जागेवर हक्क नाही. लिहा, रशीदभाई."

माझा जुना धंदा कामाला आला. मोटारसायकलच्या पेटीतून कागद काढला, पायरीवर बसून लिहिलं. लिहून देणार कौसाबाई, लिहून घेणार सुलभाबाई, प्लॉट नंबर अकरा, पूजेपुरता प्रवेश, मालकी हक्काशी संबंध नाही. वाचून दाखवलं.

"झालं?" कौसाबाई म्हणाली. "नुस्तं माझं मागणंच लिव्हलंस. द्यायचं ल्ही की."

"काय द्यायचं मावशी?"

"ल्ही. जी बाई आमच्या लक्ष्मीला जागा देती, तिला आमी दरसाल पैल्या पंगतीला बसवणार. ती हाय तवर आन् आमी हाय तवर. ती आजारी आसली तर ताट घरात पोचवणार."

मी लिहिलं. मॅडमनी कागद घेतला आणि ती ओळ बराच वेळ वाचत बसल्या. चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील, पण त्या कौसाबाईला अंगठा पुढं करायला सांगत होत्या.

मी शाईचा पॅड उघडला. कौसाबाईचा अंगठा मॅडमनी हातात धरला आणि तसाच धरून ठेवला. चुन्यानं आणि थंडीनं त्याला खोल चिरा पडल्या होत्या, एकीतून रक्त आलेलं.

"हे कधीपासून?"

"आसंच आसतंय हिवाळ्यात."

"उठा. आत चला." मॅडमचा आवाज असा होता की मीसुद्धा उठलो. त्यांनी म्हातारीला बेसिनपाशी नेलं, कोमट पाण्यानं दोन्ही हात धुतले, पुसले, प्रत्येक चिरेत मलम भरलं. पाच महिन्यांत त्या घरात मीटरवाल्याखेरीज आत आलेली पहिली बाई खुर्चीवर अवघडून बसली होती.

"एवढ्या जवळ राहता. कधी आला नाहीत."

"आमी कसं येणार वो? नवं घर झालं की घरवाल्यानं बोलवावं लागतंय. च्यापान्याला. तवा जायचं. आमी रोज वाट बगायलाव. तुमी बोलवंनाव. आमाला वाटलं, म्याडम मोठ्या हाएत, आमी नगं आसू."

मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडं नवीन माणसाकडं आधी शेजारी येतात." त्या म्हातारीचा हात धरून बसून राहिल्या. दोघी पाच महिने एकमेकींची वाट बघत होत्या, मध्ये फक्त एक तारेचं कुंपण. दोघींना ओळखणारा एकच माणूस होता आणि तो प्लॉट विकत हिंडत होता.

मी कागद पुढं केला. पण मलम भरलेल्या अंगठ्याला शाई धरेना. तीनदा दाबला. नुसता तेलकट डाग उमटायचा. पुसून घ्या म्हणालो तर मॅडम माझ्यावर डाफरल्या, "आत्ता लावलंय मी! राहू दे तो कागद. मी वाचलाय ना?"

तर तो कागद आजतागायत सहीशिवाय, अंगठ्याशिवाय आहे. मॅडमच्या कपाटात.

येळवसच्या दिवशी बारा वाजता मी पोचलो तर अंगणात तीसेक माणसं. कोप उभी, आत पांढरेधोट पांडव. दत्ता आंबील शिंपडत घराला फेरी मारत होता, "व्हलगे व्हलगे सालम पलगे" हे येळवसचं ठरलेलं पालुपद म्हणत. ज्वारीऐवजी मॅडमच्या गुलाबांवर आंबील पडत होती. पहिल्या पंगतीला पहिलं ताट मॅडमचं. कौसाबाई शेजारी उभी राहून "आनी घ्या, आनी घ्या" करत होती. जेवून उठेपर्यंत मॅडमनी तिघांचं ब्लडप्रेशर तपासलं होतं आणि एका बाईला सोलापूरच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली होती. पोरं "सिस्टर, सिस्टर" करत पाणी मागत होती.

अशात सोलापूरचे दुकानदार आले. गाडीतून उतरले, गर्दी बघून दचकले. "रशीदभाई, कुणी गेलं की काय?"

"नाही शेठ. जेवणं चाललीत. बसा."

म्हणेपर्यंत त्यांच्या हातात पत्रावळ आली होती. दोन वाट्या भज्जी झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "घर चांगलंय, पण खरं सांगू? शेजार बघून मन भरलं. आमच्या आईला हे लई आवडेल. मॅडमनी सांगितलेल्या किमतीवर मी थोडं वर द्यायला तयार आहे." मी अकरा नंबर त्या देवाच्या भीतीनं स्वस्तात जाईल असं धरून चाललो होतो. तो त्याच देवामुळे महाग झाला होता.

मी मॅडमना सांगितलं. त्या आंबिलीचा पेला तोंडाला लावून उभ्या होत्या. पेला खाली घेतला.

"त्यांना दुसरा प्लॉट दाखवा."

"मॅडम, असा भाव पुन्हा—"

"रशीदभाई, कौसाबाईंच्या हातांना रोज मलम लावायचंय. मी कुठं जाऊ?"

माझं कमिशन गेलं. शेठनी दुसरा प्लॉट घेतला नाही, त्यांना हाच हवा होता. धंद्यातला धडा एवढाच, की जागेचे कागद तपासून भागत नाही. तिथं दरसाल कोण येतं, कशासाठी येतं, तेही विचारून घ्यावं आणि घेणाऱ्याला इसाराची आगाऊ रक्कम घ्यायच्या आधी सांगावं. सातबाऱ्यावर त्याला रकाना नसतो. आता मी रस्ता, पाणी, लाइट दाखवून झाल्यावर हेही सांगतो, आणि घर झालं की शेजाऱ्यांना चहाला बोलवा असंही. काही गिऱ्हाइकं तिथूनच गाडी वळवतात. उरलेली विचारतात, जेवायला येताना आम्ही काय आणायचं? त्यांना मी प्लॉट देतो.