निकालपत्रातला दादा

मी पदवीधर झालो तो माझ्या दादामुळे. चौथीतून शाळा सोडून तो घाटंजीच्या जिनात कापसाचे बोजे वाहू लागला आणि मला त्यानं अमरावतीच्या कॉलेजात घातलं. विहिरीवर पाण्यावरून झालेल्या मारामारीत त्याला सक्तमजुरी झाली तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होतो.

तुरुंगात कामं जात पाहून वाटत. दादाला जुनी जात विचारून संडास धुवायला लावलं. तो म्हणाला, "आता मी बौद्ध हाओ. सगळ्यायले पाळी लावा, माह्या पाळीले मी करीन." एवढ्यावरून त्याची शिक्षेतली सूट कापली. यवतमाळच्या एका वकिलांनी तुरुंगाच्या अधिकाऱ्यांवर दावा लावला. खालच्या कोर्टात वकील हरले. मग नागपूरला हायकोर्टात अपील केलं.

त्याच सुमारास मी बी.ए. पास झालो. घरी येऊन सांगितलं, तर बा म्हणाला, "बेस झालं. कोर्टाचं काय?"

अपील जिंकलं. जात पाहून काम देता येणार नाही, कापलेली सूट परत द्या, असा हुकूम झाला. वकिलांनी निकालाची नक्कल माझ्याजवळ दिली. संध्याकाळी वस्ती विहारासमोर जमली. मी मराठीत सांगू लागलो तशी शेजारची आजी म्हणाली, "अगुदर इंग्रजीत वाच. आपलं पोट्टं सायबाच्या भाषेत कसं बोलते ते आयकू दे."

"आजी, तुले समजन काय?"

"तुले समजते ना? मंग वाच."

दादाचं ते पाळीचं बोलणं न्यायमूर्तींनी इंग्रजी करून जसंच्या तसं निकालात घेतलं होतं. लोकांनी तेवढंच पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. इंग्रजी शिकलो मी, आणि हायकोर्टाच्या इंग्रजीत जाऊन बसला तो. बा एका पाहुण्याला सांगत होता, "हा वाचून राह्यला ना, तो त्याचा लहाना भाऊ." मी इतका जळलो की शेवटचं पान भरभर वाचून उरकलं.

दुसऱ्या दिवशी तुरुंगाच्या पत्त्यावर लिहिलं:

"दादा, सविनय जयभीम. तुझी सूट परत मिळाली. निकाल मीच वाचून दाखवला. वस्तीत आता मी फक्त तुझा भाऊ आहे. मला तुझा हेवा वाटतो. हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुलाच लिहितो. लवकर ये. मी बी.ए. झालो, हे बाला एकदा तुझ्या तोंडून सांग. तुझं तो ऐकतो."