वजनकाट्यावरचे उस्ताद

वना नानांचा शर्ट कधी कोणी चुरगळलेला पाहिला नाही. सोनगीरजवळ हायवेला एक बंद पडलेला वजनकाटा आहे. त्याच्या खोलीबाहेर नाना सकाळी सातला दाढी करून, बुटांना पॉलिश मारून खुर्चीवर बसलेले असत. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, वॉचमन असेल. होतेही, काटा चालू होता तोवर. काटा बंद पडला, मालक नाशिकला गेला आणि नाना त्या आठ बाय आठच्या खोलीतच राहिले. जायला दुसरी जागाच नव्हती.

फौजेत बारा वर्षं काढून त्यांनी आपणहून नाव कापून घेतलं होतं, कारण बायको बेबाबाई अंथरुणाला खिळली होती. बारा वर्षांवर पेन्शन मिळत नाही. तिच्या आजारपणात गावातलं घर गेलं आणि शेवटी बेबाबाईही गेली. मूलबाळ नव्हतं. यातलं एक अक्षर नानांनी कधी कोणापुढे काढलं नाही. काय जाळायचाय असला मान, असं जवळच्या माणसाला वाटलं असतं. पण जवळचं माणूस होतं कुठे?

गेल्या हिवाळ्यात सरकारनं ठरवलं, की जिल्ह्यात एकही माजी सैनिक उघड्यावर राहता कामा नये. धुळ्यात सहा खोल्या रंगवून तयार झाल्या. बेघर सैनिक शोधायचं काम सैनिक कल्याण कचेरीतल्या प्रेमराजकडे आलं, आणि शोधत शोधत त्याची मोटारसायकल काट्यापाशी थांबली. नानांना पाहताच त्यानं खाडकन टाचा जुळवल्या.

"उस्ताद! तुम्ही आठे?"

बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरात हा प्रेमराज अठरा वर्षांचा रंगरूट होता आणि नाना त्याचे उस्ताद. ब्लँकेटची घडी चार बोटांहून जाड झाली म्हणून नानांनी त्याला मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या होत्या.

"नोकरी करस आठे," नाना म्हणाले.

"आनि घर कोठे शे?"

"आठेच, गावमा."

झालं. तोंडातून गेलं ते गेलं. प्रेमराजनं विश्वास ठेवला, कारण उस्ताद खोटं बोलतात हे त्याला ठाऊकच नव्हतं.

उलट नानाच त्याच्याबरोबर शोधाला निघाले. कुठे कोण झोपतं, हे त्यांना बरोबर कळे. नरडाण्याच्या स्टेशनावर झोपणारा फौजेतला म्हातारा ड्रायव्हर त्यांनीच शोधला. त्याला खोलीची किल्ली मिळाली त्या दिवशी तो ढसाढसा रडला. नाना खोलीत शिरले. पूर्वेला खिडकी होती, खाट होती, कपडे अडकवायला खुंटी होती. खाटेवर त्यांनी तळहात दाबून पाहिला.

"चादर रोज झटकत जाय," ड्रायव्हरला एवढंच सांगून ते बाहेर पडले.

मार्च संपत आला. चार माणसं सापडली, दोन खोल्या उरल्या. त्या आता सरकारला परत करायच्या होत्या. प्रेमराज परतीचा कागद घेऊन काट्यावर आला.

"उस्ताद, आखो कोनी शे का? नीट याद करा."

नानांनी नजर हायवेकडे वळवली. एकच शब्द बोलायचा होता, 'मी'.

"नही," ते म्हणाले. "आते कोनी नही."

कागदावर लिहिलं होतं, की सोनगीर भागात एकही माजी सैनिक बेघर नाही. खाली साक्षीदार म्हणून नानांनी वळणदार सही केली.

एप्रिलमध्ये नाना खोलीमागे शर्ट वाळत घालत होते, तेव्हा पुढे मोटारसायकल थांबली. बेघर सैनिक शोधायला मदत केली म्हणून कचेरीनं नानांचा सत्कार ठरवला होता, आणि आमंत्रण घरी नेऊन द्यावं म्हणून प्रेमराजनं गावात घर विचारलं होतं. चहावाला हसला होता. म्हणाला होता, वना नानाचं घर कुठलं, ते काट्याच्या खोलीतच राहतात.

नाना पुढे आले तेव्हा प्रेमराज दारात उभा होता. आत लोखंडी ट्रंक, बेबाबाईचा फोटो, भिंतीला समांतर ठेवलेले बूट, आणि जमिनीवर ब्लँकेटची घडी, बरोबर चार बोटं जाड. सत्काराचं पाकीट त्याच्या हातात चुरगळलं होतं.

"दोन खोल्या खाली व्हत्यात उस्ताद," प्रेमराज म्हणाला. "मी इचारं व्हतं तुमले."

"माले माहीत शे."

"मंग का बरं नही सांगं?"

नानांनी त्याच्या हातातलं पाकीट घेतलं आणि तळव्यानं घासून घासून सरळ केलं.

"अंथरूणनी घडी कराले तुले मी शिकाडं, प्रेमराज. आते मन्हं अंथरूण कोठे टाकू, हाई तुले कसं इचारू?"

प्रेमराज नवीन अर्ज करू म्हणाला, साहेबांच्या पाया पडू म्हणाला. खोल्या आठवड्यापूर्वीच परत गेल्या होत्या, आणि त्या परत पाठवायच्या कागदावर नानांचीच सही होती.