हळद लावलेली चिंगी

पाम गावचा सुका विमानात बसला तेव्हा त्याच्या पायात माझ्या चपला होत्या. चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. बोईसरजवळच्या एका औषध कारखान्यात आम्ही दोघे कामाला. मी सातवी पास म्हणून कागदांवर, तो उंदरांच्या शेडवर. पांढऱ्या उंदरांशी हा गडी सासुरवाडीची माणसं आल्यासारखा बोलायचा.

त्यातलीच एक चिंगी. बाकीच्यांनी चावून अर्धमेली केलेली. सुकाने ती खिशात घालून घरी नेली, त्याच्या बायकोने, नवसीने, पेज पाजून जगवली. घरात पोर नव्हतं. रात्री चिंगी नवसीच्या पदरात, दिवसा सुकाच्या खिशात.

एकदा हैदराबादच्या प्रयोगशाळेला विमानाने पन्नास उंदीर न्यायचे ठरले. निघताना एक मेलेला निघाला, आणि त्या वजनाचा दुसरा शेडमध्ये नव्हता. साहेबांनी सुकाच्या खिशाकडे बोट केलं.

"ही घाल."

"सायब, ही घरची हाय."

"पन्नास पोचव. तिथं गेल्यावर ही मागून घे. एका उंदराला कोण नाही म्हणतंय?"

सुकाला घोर लागला. पन्नासांत आपली ओळखायची कशी? कॅन्टीनमधून हळद आणून त्याने तिच्या पाठीवर रेघ ओढली.

"अरे, लग्न लावतोस काय तिचं?" मी म्हटलं. सगळी शेड हसली.

पेट्या विमानाच्या पोटात गेल्या. सुका वर बसला, कागद घेऊन मी त्याच्या शेजारी; पण त्याचं सारं ध्यान खाली. लिमलेटच्या गोळ्या वाटणाऱ्या विमानातल्या बाईला म्हणाला, "बाय, खाली सामानात थंडी वाजते का?"

"याची लेक आहे खाली," मी सांगितलं. ती बाई जी दचकली, ती थेट कॅप्टनकडे धावली! मी हसून हसून पट्ट्यात अडकलो.

हैदराबादला पन्नासच्या पन्नास जिवंत उतरले. सुका चिंगीला उचलणार, तोच मी म्हटलं, "आधी अंगठा दे, मग माग." शेजारच्या खोलीत पावतीला पाच मिनिटं गेली असतील. परत आलो तर चिंगी फळीवर, चारी पाय टाचण्यांनी ताणलेले, पोट उघडं.

जो उंदीर आधी कापायचा त्याच्या पाठीवर तिथे पिवळा रंग लावत. त्यांना वाटलं, खूण आम्हीच करून आणली.

"बड़ी सीधी थी," कापणारा कौतुकाने म्हणाला. "खुद हाथ पर चढ़ गई."

सुकाने रुमाल पुढे केला.

"अभी नहीं. कलेजा तौलना है."

वाटेत एकही मेला नाही म्हणून साहेब खूश. पुढे दोन वर्षं उंदीर न्यायला आम्हीच.

घरी नवसीने विचारलं, "चिंगी कुठं हाय?" सुका चपला काढायला वाकला. मग मीच थाप मारली, "वहिनी, मोठ्या साहेबांच्या मुलीने ठेवून घेतली. गादीवर झोपते!"

नवसी हरखली. त्यानंतर दर खेपेला ती चिंगीसाठी पोह्यांची पुरचुंडी द्यायची आणि आलो की विचारायची, "कशी हाय?"

"जाडी झालीय," सुका सांगायचा.

पोहे झकास असायचे. विमानात मीच खायचो.