धोफारचा माझा शागिर्द

लग्न करून मी रत्नागिरीहून दुबईला आले तेव्हा अमिरात हे नावसुद्धा नव्हतं. आमचे हे खाडीजवळ शिंप्याचं दुकान चालवायचे. शेजारच्या खोलीत ओमानच्या दक्षिणेकडचे, धोफारच्या डोंगरातले तिघे राहायचे आणि बंदरावर हमाली करायचे. त्यांच्या मुलखात सुलतान म्हणेल तो कायदा. गावात शाळा नाही, दवाखाना नाही. तिघेही त्याच्या फौजेशी लढले होते. त्यांच्यातल्या थोरल्याच्या मांडीत गोळी लागली म्हणून त्याला घेऊन इकडे पळून आले होते. जखम भरली की परत जायचं, हे ठरलेलंच.

एकदा थोरला अरबी पेपर घेऊन दुकानात आला. मोडक्या हिंदीत म्हणाला, "हे वाचेल कोण?"

"मला नाही येत, हिला येतं," हे म्हणाले.

मी कुराण वाचायला शिकलेली, पण अर्थाच्या नावाने शून्य. त्यात पेपरात अक्षरांवर जेर-जबर, म्हणजे स्वरांच्या खुणा नसतात. मी अडखळत वाचायची, तो उच्चार सुधारायचा आणि सुधारता सुधारता बातमी त्याला कळायची. तो खूश होऊन म्हणाला, "उख्ती, बहिणी, मलाही शिकव."

मग रोज दुपारी काळ्या कापडावर शिंप्याच्या खडूने मी अक्षरं काढायची, तो गिरवायचा. मशीन चालवता चालवता हे हसायचे.

सुलतानाच्या पाठीशी इंग्रज होते आणि दुबईतही तेव्हा त्यांचंच चालायचं. एके दिवशी त्यांचा एक गोरा अधिकारी दोन पोलिसांना घेऊन दुकानात शिरला. थोरल्याकडे बोट करून म्हणाला, "ये कौन है?"

यांचं मशीन थांबलं. मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "मेरा शागिर्द है. सबक चालू है."

त्याने कापडावरची वेडीवाकडी अक्षरं पाहिली, थोरल्याच्या अधू पायाकडे पाहिलं आणि हा लंगडा शिकाऊ काय लढणार, असं समजून निघून गेला. हे म्हणाले, "माझी तर वाचाच बसली होती. तू बोललीस!"

त्याच आठवड्यात तिघे डोंगरात परतले.

काही वर्षांनी त्यांच्यातला धाकटा एकटाच आला. थोरला लढाईत मारला गेला होता. "पण त्याआधी गुहेत शाळा घेतली त्याने," धाकटा म्हणाला. "पोरं शिकली, बायका शिकल्या, मीही शिकलो. सगळ्यांना सांगायचा, माझी उस्ताद हिंदुस्थानी बाई आहे."

मला रडू आलं. पण मान ताठच होती. यांनी शेजारच्या दुकानदारांना हाका मारून बोलावलं आणि म्हटलं, "ऐका, हा काय सांगतोय ते!"