मोरांची चादर

दिल्लीत, द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर, तुतीच्या झाडाखाली बिमलेशचं इस्त्रीचं टेबल. इमारती नव्या होत्या तेव्हा ती नवऱ्याबरोबर इथे आली. पुढे नवरा गेला, टेबल राहिलं. आमची सगळ्यांची ऑफिसं तिच्याच कडक घड्यांवर चालली, असं मी तरी म्हणते.

करोना आला आणि कमिटीने फतवा काढला: बाहेरचा हात लागलेला कपडा आत येणार नाही. तसाही माझा नवरा हरीश वर शर्ट, खाली बर्म्युडा अशा थाटात मीटिंगा करत होता. इस्त्री हवी होती कुणाला?

लॉकडाउन सैल झाल्यावर बिमलेश मात्र रोज हजर. कोळसे पेटवायची आणि एकच पिवळी, मोरांची चादर इस्त्री करायची. घडी घालायची, मोडायची, पाणी शिंपडायची, पुन्हा इस्त्री. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला की काय, असं वाटून मी बाल्कनीतून विचारलंच.

"भाभी, प्रेस ठंडी दिखी तो जगह चली जाएगी," ती म्हणाली. "और है क्या मेरे पास?"

चादर तिच्याच अंथरुणावरची होती. मला चार दिवस सलग योगासनं जमत नाहीत, आणि ही बाई दिल्लीच्या जूनमध्ये, कोळशाच्या धगीत उभी राहून नसलेलं काम मन लावून करत होती. मी अक्षरशः थक्क झाले.

तिची भीती खरी निघाली. कमिटीला पार्सलं ठेवायला तीच जागा हवी होती. अध्यक्ष विनायकराव टेप घेऊन खाली उतरले, काम बंद आहे तर टेबल उचल म्हणाले. काम चालू आहे, असं ती म्हणाली. मग ही चादर कुणाची, त्यांनी विचारलं. बिमलेशने चादरीवर पाणी शिंपडलं. इस्त्री तेवढी फिरत राहिली.

"हमारी है," मी वरून ओरडले.

विनायकरावांनी मान वर करून मला मराठीत नियम ऐकवला. मीही मराठीतच, खुशाल दंड लावा म्हटलं. ते टेप गुंडाळून पुटपुटत गेले.

संध्याकाळी भाजीसाठी मी दोरीची टोपली खाली सोडली, तर बिमलेशने तीत ती चादर ठेवली. मी नको नको म्हणत होते.

"आपने सबके सामने कहा, आपकी है. तो आपकी है," ती म्हणाली. "मैली हो तो धोकर भेजना."

चादर अजून कोमट होती. मी ती आमच्या पलंगावर अंथरली. हरीशने दारातूनच, कुणाची म्हणून विचारलं.

"आपली," मी म्हटलं. सोमवारी ती धुऊन खाली पाठवली, आणि बरोबर त्याचे सगळे शर्ट.