जुन्या डिस्कचे पंधराशे रुपये

मी वकील आहे आणि कागद फाडण्याबद्दल आमच्या घरात माझी चांगलीच ख्याती आहे. रद्दी द्यायची म्हटली की मी एकेक पान उलटून बघतो, अशिलाचं नाव दिसलं की पानाचे बारीक तुकडे करतो आणि ते तुकडेही दोन वेगळ्या पिशव्यांत भरतो. बायको वैतागते. "रद्दीवाल्याले तुमच्या केसा वाचायले टाइम आहे का?" यावर मी तिला वकिलाच्या कर्तव्यावर छोटंसं भाषण देत असे. हल्ली देत नाही.

कोर्टात ई-फायलिंग सुरू झालं आणि माझा जुना कॉम्प्युटर पार गळपटला. सकाळी बटण दाबून आंघोळ करून यावं तेव्हा कुठे पडद्यावर चित्र उमटायचं. नवा घेणं भाग होतं. अमरावतीच्या राजापेठेतल्या तीन दुकानांतून मी भाव लिहून आणले आणि तिन्ही कागद समोर ठेवून साक्षीपुरावा तपासावा तसा अभ्यास केला. पडदा जुनाच ठेवायचा, कीबोर्ड-माऊस जुनेच, प्रोसेसर एक पिढी मागचा, कारण मला कुठे खेळ खेळायचे आहेत! रॅम आज आठ घ्यायची, पुढे लागली तर वाढवायची. एवढं करूनही आकडा खाली येईना. तेवढ्यात अकोल्याच्या साळ्याचा फोन आला. "भाऊजी, इकडे या. माह्या ओळखीचा दुकानदार आहे, जुनं घेऊन नवं देते."

जुना डबा चादरीत गुंडाळून मी बसनं अकोल्याला गेलो. दुकानदाराची मी तासभर उलटतपासणी घेतली. आधी माऊसपॅड फुकट मिळवला, मग वायर, मग बसवायची मजुरी माफ करून घेतली. शेवटी जुन्या डब्यावर आलो. तो म्हणाला, "वकीलसाहेब, डिस्कसकट साडेतीन हजार. डिस्क काढून नेत असान तर दोन."

"डिस्क ठेवून मी काय करू? सगळं पुसून आणलं आहे."

"पाहा बा. लोकं नेतात काढून."

हे त्याचे शब्द मला आजही जसेच्या तसे ऐकू येतात. पण मी आदल्या दिवशी सगळ्या फायली नव्या पेनड्राइव्हवर घेऊन डिलीट केल्या होत्या, कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली होती. शिवाय दुकानदार फॉरमॅट मारणार होताच. पंधराशे काय झाडाला लागतात? मी डिस्क दिली. घरी येऊन बायकोला एकूण किती वाचले ते सांगितलं, तर ती म्हणाली, "बसचं भाडं अन् साळ्याच्या पोरांची मिठाई धरली का त्याच्यात?" मी हसलो. मजेत होतो मी.

दीड-दोन महिन्यांनी एक अशील बाई दुपारी अचानक ऑफिसात आली. ही बाई मोर्शीकडची. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून लेकीला घेऊन अमरावतीत एका खोलीत राहत होती. नवरा तिला शोधत होता, आणि सापडली तर काय करीन हे त्यानं चारचौघांत बोलून दाखवलं होतं. म्हणून नवऱ्याच्या हाती पडणाऱ्या कोर्टाच्या कागदांवर आम्ही पत्ता माझ्या ऑफिसचा दिला होता. खरा पत्ता फक्त मला माहीत होता.

ती बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "साहेब, अकोल्याहून एका मानसाचा फोन आला मले. माह्या खोलीचा पत्ता वाचून दाखवला त्यानं. पोरीच्या शाळेचं नावबी."

मला आधी काही कळेचना. मग तिनं नंबर दिला, मी तिच्यासमोरच फोन लावला. पलीकडे एक फुलवाला होता. हार-गजऱ्यांचं दुकान, हिशेबासाठी त्याच दुकानदाराकडून माझा जुना कॉम्प्युटर घेतलेला. त्याच्या लेकीच्या लग्नाचे फोटो चुकून उडाले, ते दुरुस्तीवाल्यानं परत काढले, आणि फोटोंबरोबर माझ्या फायलीही वर आल्या.

"साहेब, पहिल्याच पानावर लिहून होतं, हा पत्ता कोणाले देऊ नये. खाली बाईचा नंबर होता. मंग म्हटलं, तिले सांगून द्याव, तुमचा कागद भलतीकडे येऊन पडला आहे."

ती ओळ मीच टाइप केली होती. मोठ्या अक्षरांत, खाली रेघ मारून. फोन ठेवल्यावर मी जे बोललो त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हणालो, "ताई, मी पुसलं होतं हो."

"पुसलं होतं तं त्याले दिसलं कसं?"

मी तिला समजावलं, म्हणजे मला जेवढं त्याच क्षणी समजत होतं तेवढं. डिलीट केलं की फक्त नाव जातं, मजकूर आत डिस्कवर तसाच असतो. मग तिनं विचारलं, "थे डिस्क का काय ते, काढून काहून नाई घेतलं?"

खोटं बोलता आलं असतं. आयुष्यभर मी इतरांच्या वतीनं गोष्टी गोलमटोल करून सांगितल्या आहेत. पण तोंडातून खरंच निघालं. "पंधराशे रुपये जास्त मिळत होते." ती पदर सावरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी अकोला गाठलं. फुलवाला भला माणूस निघाला. त्यानं चहा पाजला, दुरुस्तीवाल्याला बोलावून माझ्यासमोर डिस्क काढून हातात ठेवली, नव्या डिस्कचे पैसे घ्यायला का-कू केली. "एकच पान वाचलं साहेब, बाकीचं उघडलं नाई," असं त्यानं दोनदा सांगितलं. परतीच्या बसमध्ये मला हायसं वाटलं. चांगल्या माणसाच्या हाती पडली होती, निभावलं, असं मी स्वतःला सांगत राहिलो. बाईंना फोन केला, तो बंद होता.

आठवड्यानं त्या आल्या. खोली सोडली होती. पोरीचं नाव शाळेतून काढलं होतं, सहामाही परीक्षा तोंडावर असताना. मी घाईघाईनं म्हणालो, "ताई, तो माणूस खरंच चांगला आहे. मी स्वतः भेटून आलो."

"असन ना साहेब. पन फोन आला तवा मले कसं समजन, थो चांगला आहे म्हनून?"

मग त्यांनी पिशवीतून कागद काढला. दुसऱ्या वकिलाचं वकीलपत्र होतं. वकील बदलायचा तर आधीच्याची नाहरकत सही लागते, ती घ्यायला त्या आल्या होत्या. मी चष्मा लावला, पेन उघडलं. वकीलपत्रावर वरच्या बाजूला अशिलाचं नाव, वय आणि राहण्याचा पत्ता असतो. मी सही करेपर्यंत बाईंनी पत्त्याच्या ओळीवर आपला तळहात दाबून धरला होता.